बटण आहे तिथंच असू द्या

बारा वर्षं झाली. वजन दीड किलो,
उजव्या तळव्यावर पट्ट्याचा घट्टा,
तो तुमच्या माहितीपत्रकात कुठं छापलेला नाही.
केपे बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत
मी लग्नं, मुंजी, फेस्तं आणि ग्रामसभा कापतो, जोडतो.
नवीन मॉडेल काढताय, असं पणजीचा विक्रेता म्हणाला.
मग ऐका.

आधी मुंग्या.
हसू नका. इर्मेलिंदाच्या रोसाला
डोक्यावर नारळाचं दूध ओतत होते मामा, मावश्या, शेजारी,
आणि ज्याच्या ओंजळीत काही उरलं
त्यानं ते माझ्या दिशेनं उडवलं.
दूध झूमच्या पट्टीत गेलं.
चौथ्या दिवशी कार्डाच्या खाचेतून रांग निघाली,
लाल, शिस्तीत,
जणू आतला खेळ सुटलाय.
तिथं रबराची एक कड बसवा. चार आण्यांचं काम.
तेव्हापासून झूम अडखळतो
आणि पाद्रीचा चेहरा तीन टप्प्यांत जवळ येतो,
संशय आल्यासारखा.

आवाजाची चाकं फार सैल.
शर्टाची बाही घासली की आठावरचं दोनावर.
पुर्सोबाबच्या वास्तुशांतीत भट नुसतेच ओठ हलवत राहिले.
मी खाली दुसऱ्याच घराचे मंत्र जोडून दिले.
कुणाला कळलं नाही.
वास्तुपुरुषाला कळलं असेल, पण तो बिल मागत नाही.

पडदा उन्हात आंधळा होतो.
मे महिन्यात खाजनाच्या बांधावर
मानशीची दारं बदलत होते, तेव्हा पडद्यात मीच होतो:
टोपी, मिशी, मागं पांढरं आभाळ.
वीस मिनिटं सुतार आणि चिखल अंदाजानं घेतले.
अंदाज बरा निघाला.
अंदाजाचे पैसे मात्र मला लावता येत नाहीत.

चेहरे ओळखतो म्हणे तुमचा फोकस.
धालोच्या मांडावर, एका गॅसबत्तीत,
अठरा बायका कमरेत हात गुंफून पुढं-मागं झुलताना
त्यानं ओळखला लांबच्या खांबावरचा बल्ब.
काळोख म्हणजे बिघाड नव्हे,
हे त्याला कुणीतरी शिकवा.
अंधार दिसला की हा त्यात वाळू ओततो.
मला वेळीपांच्या अंगणातला अंधार अंधारच हवाय,
चांगला काळा,
त्यात एखादं कपाळ, एखादी नथ, बस्स.

पुढचा लाल दिवा.
तो बंद करायची सोय यादीच्या सातव्या पानात पुरलीय,
म्हणून मी काळी चिकटपट्टी लावतो, ती घामानं सुटते.
दिवा दिसला की सोमी वेळीप,
जी आत्तापर्यंत कुळथावरून सुनेला फाडून खात होती,
एकदम बातम्या वाचायला लागते.

खरी मागणी वेगळी आहे.
ती कशी मांडावी कळत नाही.
बटण दाबायच्या आधीची दहा सेकंदं ठेवा.
माझ्याकडं वडलांचं एकच चित्रण आहे,
ह्याच खोलीत, नवी बॅटरी तपासताना घेतलेलं.
ते काहीतरी विचारत होते, मी बटण दाबलं.
त्यात माझा आवाज: काय म्हणालात?
ते मान हलवतात. काही नाही.
अकरा सेकंदं, काही नाही,
आणि खालून झेरॉक्सचं घरघरणं.
चाकं त्या दिवशी नेमकी आठावर होती.

बाकी फार सुधारू नका.
मोठा करू नका, फोनशी बोलायला लावू नका.
आणि ते बटण, अंगठ्याखालचं, जरासं खोलगट,
ते हलवू नका.
घरातला दिव्याचा खटका मला अजून चाचपावा लागतो.
हे सापडतं.

बॅटरीचं झाकण मात्र बदला.
मी सध्या रबरबँड लावतोय.